बदनाम आवडीच्या बाजूने

२००८ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या व्हँकूव्हरहून निघणाऱ्या 'ॲडबस्टर्स' मासिकाने मुखपृष्ठकथेतून एक निकाल देऊन टाकला. पाश्चात्त्य संस्कृती ज्या बंद गल्लीत येऊन अडली आहे तिचं नाव हिप्स्टर, असा तो निकाल. घट्ट जीन्स, गळ्यात अरबी धाटणीचा रुमाल, एकाच गिअरची सायकल, स्वस्त बिअरचा कॅन आणि जगातल्या कशाचंच नवल न वाटणारा चेहरा. या मुलांकडे ना बंड आहे ना विचार, नुसती खरेदी आहे, असं लेखाचं म्हणणं. त्याच वर्षी जानेवारीत व्हॅम्पायर वीकेंडचा पहिला अल्बम आला. फेब्रुवारीत बोन इव्हेरचा 'फॉर एम्मा, फॉरएव्हर अगो' सर्वदूर दुकानांत पोचला. जूनमध्ये फ्लीट फॉक्सेस आले, सप्टेंबरात टीव्ही ऑन द रेडिओचा 'डिअर सायन्स'. हे सगळे त्याच मुलांचे लाडके बँड. संस्कृतीच्या अंतकाळी इतकं बरं संगीत होत असेल तर एक तर अंतकाळ लांबला असावा, नाहीतर न्यायाधीशांनी कान झाकून नुसत्या डोळ्यांनी निकाल दिला असावा.

हे पुस्तक त्या बँड्सबद्दल आहे. साधारण १९९८ ते २०१२ या काळात, मुख्यतः अमेरिकेत आणि कॅनडात, जे संगीत 'इंडी' म्हणून ओळखलं गेलं आणि हिप्स्टरांचं म्हणून हिणवलं गेलं, त्यातले काही अल्बम इथे एकेक करून ऐकले आहेत. या संगीताची गोष्ट थोडी चमत्कारिक आहे. त्याला नावं ठेवणारे होतेच, पण त्याचे चाहतेही 'मी काही तसला नाही' हे आधी सांगून मगच आवड कबूल करत. हिप्स्टर ही अशी जमात होती की तिची जनगणना केली असती तर आकडा शून्य भरला असता. प्रत्येकाला ती शेजारच्या टेबलावर दिसे. त्यामुळे गाणं आवडणं आणि त्या आवडीची लाज वाटणं या दोन गोष्टी एकदमच शिकल्या जात. लाज कुठून आली, तिच्यात तथ्य किती आणि ती बाजूला ठेवून ऐकता येतं का, एवढ्या तीन प्रश्नांपुरती ही प्रस्तावना.

सुरुवात व्यवहारापासून करावी लागेल, कारण इंडी हा आधी एक व्यवहार होता. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने घरच्यांकडून, मित्रांकडून पैसे उसने घेतले आणि 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. लंडनला जाऊन मोठ्या कंपनीच्या दारात बसायची गरज नाही, एवढं त्यातून शेकडो पोरांना कळलं. पश्चिम लंडनमध्ये १९७६ साली उघडलेल्या रफ ट्रेड या दुकानाने १९७८ मध्ये स्वतःचं लेबल सुरू केलं. त्याच वर्षी मँचेस्टरमध्ये फॅक्टरी सुरू झालं. खर्च वजा जाता उरेल त्यात लेबल आणि बँड निम्मे-निम्मे, ही या दोघांची रीत. मोठ्या कंपन्यांच्या करारात बँडच्या वाट्याला जे येई त्याच्याशी तुलना केली तर ही रीत क्रांतिकारक होती. जानेवारी १९८० पासून ब्रिटनमध्ये इंडी रेकॉर्डांची वेगळी क्रमवारी छापली जाऊ लागली. तिच्यात शिरायची अट फक्त वितरणाची होती: मोठ्या कंपन्यांच्या गोदामांतून न जाता माल दुकानात पोचला पाहिजे. गाणं कसं वाजतं, गायकाने काय घातलंय, याच्याशी त्या यादीला देणंघेणं नव्हतं.

अमेरिकेतही असंच घडत गेलं. सुपरचंक या बँडमधल्या दोघांनी १९८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मर्ज हे लेबल काढलं. १९९८ मध्ये मर्जने न्यूट्रल मिल्क होटेलचा 'इन द एअरोप्लेन ओव्हर द सी' काढला, २००४ मध्ये आर्केड फायरचा 'फ्युनरल'. आर्केड फायरचाच 'द सबर्ब्स' २०१० मध्ये अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिला आला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्याला वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, तेव्हा लाखो प्रेक्षकांना हे कोण लोक आहेत हेच माहीत नव्हतं. दोन मित्रांनी चालवलेल्या लेबलने इथवर मजल मारली, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. पण तोवर इंडी या नावाचा व्यवहाराशी असलेला संबंध सैल झाला होता. ज्या स्ट्रोक्सपासून न्यूयॉर्कची ही लाट सुरू झाली असं मानतात, त्यांचा २००१ चा पहिला अल्बम अमेरिकेत आरसीए या बड्या कंपनीनेच काढला होता. डेथ कॅब फॉर क्यूटी २००५ पर्यंत अटलांटिककडे गेले, टीव्ही ऑन द रेडिओ २००६ मध्ये इंटरस्कोपकडे. आता इंडी म्हणजे एक चव, एक पेहराव, शहराचा एक भाग असा अर्थ होऊ लागला. माल गोदामातून कसा येतो यापेक्षा तो घेणारा कसा दिसतो याची चर्चा जास्त. बदनामीला इथे जागा मिळाली.

शहराचा तो भाग म्हणजे ब्रुकलिनमधलं विल्यम्सबर्ग. ईस्ट रिव्हरच्या अलीकडे मॅनहॅटन, पलीकडे हे. एल मार्गाची लोकल पकडली की नदीखालून पहिलंच स्टेशन. बंद पडलेले कारखाने, रिकामी गोदामं, आणि त्यांच्या आसपास पोर्तो रिकन, पोलिश, हासिदी ज्यू कुटुंबांच्या जुन्या वस्त्या. मॅनहॅटनचं भाडं न परवडणारी गाणारी-वाजवणारी मुलं इथे आली ती जागा स्वस्त, मोठी, आणि रात्री ड्रम वाजवले तरी शेजारी तक्रार करणार नाहीत म्हणून. त्यांच्यामागून त्यांना बघायला येणारे आले, त्यांच्यामागून कॉफीवाले, त्यांच्यामागून बिल्डर. २००५ मध्ये महापालिकेने नदीकाठच्या औद्योगिक जमिनीवर उंच निवासी इमारतींना वाट मोकळी केली. २०१४ मध्ये डेथ बाय ऑडिओ आणि ग्लासलँड्स या तिथल्या दोन आवडत्या, कळकट मैफिलींच्या जागा बंद पडल्या, कारण त्या इमारतीत 'व्हाइस' या माध्यम कंपनीचं कार्यालय येणार होतं. हिप्स्टरांचं मुखपत्र म्हणून ज्या मासिकाचं नाव घेतलं जाई, तेच वाढून त्यांच्या गाण्याच्या खोलीवर येऊन बसलं. यावर उपहासात्मक एकांकिका लिहायची गरजच उरत नाही.

मुंबईच्या गिरणगावाशी नातं असलेल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागणार नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले, चाळींतली माणसं पांगली, आणि २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ब्लूफ्रॉग उघडलं. मुंबईतल्या स्वतंत्र बँड्सना चांगला आवाज, चांगला रंगमंच देणारी ती फार महत्त्वाची जागा होती. २०१६ मध्ये तीही बंद झाली. तिथे वाजलेलं संगीत खोटं नव्हतं, आणि ज्या जमिनीवर ते वाजलं तिचा इतिहासही खोटा नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच आवारात राहत होत्या. हिप्स्टर संगीतावरच्या आरोपांकडे जाताना हे ध्यानात असलेलं बरं. 'आम्ही फक्त गाणं ऐकायला आलो होतो' या उत्तराने सगळं मिटत नाही, आणि 'गाणं ऐकायला आलात म्हणजे तुम्हीच चाळ पाडलीत' हेही खरं नाही. गाणारा भाडेकरू असतो. घरमालक त्याच्या नावावर भाव वाढवतो आणि मग त्यालाही बाहेर काढतो.

आता बदनामीच्या यंत्रणेबद्दल. नव्वदीच्या दशकात एखादा अनोळखी बँड माहीत असणं हे कष्टाचं काम होतं. दुकानदाराशी मैत्री लागे, हाताने काढलेली पत्रकं मिळवावी लागत, कॉलेजचा रेडिओ रात्री जागून ऐकावा लागे. माहिती दुर्मीळ, म्हणून ती भांडवल. १९९९ मध्ये नॅप्स्टर आलं आणि पुढच्या काही वर्षांत वेगवान इंटरनेटने ही टंचाईच संपवली. जे जमवायला दहा वर्षं लागत ते एका रात्रीत उतरवून घेता येऊ लागलं. मग वेगळेपण टिकवायचं कसं? बँड आवडतो का, याला किंमत उरली नाही. कधीपासून आवडतो, याला आली. आणि सगळ्यांना आवडू लागला की सोडून देण्याची घाई आली. एलसीडी साउंडसिस्टिमच्या जेम्स मर्फीने २००२ मध्येच या भीतीवर 'लूझिंग माय एज' हे गाणं केलं. त्यात एक वयस्क होत चाललेला जाणकार आपण कुठे-कुठे पहिल्यांदा हजर होतो याच्या बढाया मारतो, आणि मागून येणारी पोरं आपल्याला मागे टाकतायत म्हणून घाबरतो. हिप्स्टरांची सर्वांत धारदार टिंगल हिप्स्टरांनीच केली आणि तिच्यावर नाचलेही तेच, ही या संगीताच्या बाजूची पहिली साक्ष.

या घाईला आकडे पुरवले 'पिचफोर्क'ने. मिनेसोटातल्या एका पोराने १९९६ च्या सुमारास घरून सुरू केलेलं हे समीक्षेचं प्रकाशन अल्बमला शून्य ते दहा यांत दशांशासकट गुण देई. 'फ्युनरल'ला ९.७ मिळाले आणि मर्जची धावपळ उडाली. २००५ मध्ये क्लॅप युअर हँड्स से येह या बँडने लेबलाशिवाय स्वतः काढलेल्या अल्बमला ९.० मिळाले आणि मागणी पुरवणं त्यांना जड गेलं. उलट, २००४ मध्ये ट्रॅव्हिस मॉरिसनच्या एकट्याच्या अल्बमला सपशेल ०.० मिळाले आणि दुकानांनी, कॉलेज रेडिओंनी त्याच्याकडे पाठ फिरवली. ब्लॅक किड्स या फ्लोरिडाच्या मुलांच्या पहिल्या चार गाण्यांना २००७ मध्ये ८.४, वर्षभरात आलेल्या अल्बमला ३.३, आणि समीक्षेच्या जागी दोन कुत्र्यांचा फोटो व माफीचा एक शब्द. चढवणं आणि उतरवणं यांत बारा महिनेसुद्धा गेले नाहीत. असा बाजार ज्याने पाहिला त्याला ही सगळी आवड म्हणजे निव्वळ फॅशन वाटली तर दोष देता येत नाही.

पण गर्दी पाहून आवड ठरते हे फक्त हिप्स्टरांचं वैशिष्ट्य मानणं भाबडेपणाचं आहे. २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. १४,३४१ जणांना अनोळखी बँड्सची ४८ गाणी दिली होती. काहींना फक्त गाणी दिसत, काहींना आधीच्या लोकांनी कोणतं किती वेळा उतरवून घेतलं तेही दिसे. ज्यांना ते दिसत होतं त्यांच्या गटांत यशस्वी गाणी अधिक यशस्वी झाली, आणि कोणतं गाणं वर जाईल हे गटागणिक बदललं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. म्हणजे गुणाचा वाटा आहे, पण त्यापुढचं बरंच काही शेजाऱ्याच्या मानेच्या हलण्यावर ठरतं. ज्याला आपली आवड बाहेरच्या वाऱ्यापासून मुक्त आहे असं वाटतं त्याने हा प्रयोग आधी वाचावा आणि मग हिप्स्टरांना हसावं.

दोन आरोप मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. ऑक्टोबर २००७ मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये साशा फ्रेअर-जोन्स यांनी लिहिलं की इंडी रॉकने काळ्या संगीताशी असलेलं जुनं नातं सोडलं आहे; ठेका, अंगातली झिंग, गायकीतली धिटाई हे सगळं जाऊन एक फिकट, गोरं, लाजाळू संगीत उरलं आहे. लेखावर मोठा वाद झाला. टोरांटोचे समीक्षक कार्ल विल्सन यांनी उत्तर दिलं की प्रश्न वंशाचा जेवढा आहे त्याहून अधिक वर्गाचा आहे: हे महागड्या कॉलेजांत शिकलेल्यांचं, शिकलेल्यांसाठीचं संगीत होत चाललं आहे. विल्सन यांचं त्याच वर्षीचं सेलीन डिऑनवरचं पुस्तक आपण नाक मुरडतो ते नक्की कशाला, याचा शोध घेतं. त्याच्या पाठीशी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांचं १९७९ चं काम आहे. बोर्द्यू यांचा मुद्दा असा की आपण काय निवडतो यावरून लोक आपल्याला कप्प्यात टाकतात, आणि आपल्यालाही ते आतून ठाऊक असतं.

दोन्ही आरोपांच्या मध्यभागी उभा करावा असा बँड म्हणजे व्हॅम्पायर वीकेंड. कोलंबिया विद्यापीठात शिकलेली चार मुलं, इस्त्रीचे शर्ट, किनाऱ्यावरच्या सुट्ट्यांचे उल्लेख आणि त्याखाली काँगो-दक्षिण आफ्रिकेच्या गिटारसंगीताची उघड छाया. यांनी दुसऱ्यांचं उचललं, आणि तेही यॉटवर बसून, अशी टीका झाली. फ्रेअर-जोन्स म्हणत होते गोरी मुलं काळ्या संगीताकडे बघत नाहीत. यांच्याबद्दल तक्रार की बघतात. दोन्हीकडून मार खाणाऱ्याची बाजू आपोआप खरी ठरत नाही, म्हणून मी त्यांचं वकीलपत्र घेत नाही. त्यांच्या गाण्यांत स्वतःच्या वर्गाची थट्टा आहे, तशीच त्या वर्गाची ऊबही आहे. गिटारची चाल हलकी, नेमकी आणि आनंदी आहे. यातलं एक खरं म्हणून दुसरं खोटं होत नाही. टीव्ही ऑन द रेडिओ तर याच विल्यम्सबर्गमधला, पाचपैकी चार काळ्या कलाकारांचा बँड. इंडी म्हणजे गोऱ्यांचं असं बोलताना त्यांना वगळावं लागतं, आणि 'हे बघा, आमच्यात तेही आहेत' असं बोलताना त्यांना ढालीसारखं वापरलं जातं. त्यांच्या 'डिअर सायन्स'मधल्या तुताऱ्या, टाळ्या आणि एकमेकांत गुंतलेले आवाज दोन्ही युक्तिवादांपेक्षा मोठे आहेत.

आरोप ऐकून घेतले. आता जे ऐकायला बसलो आहोत त्याकडे येतो, कारण बदनामीवर लिहिणाऱ्यांच्या लेखांत गाणी फार क्वचित भेटतात.

'इन द एअरोप्लेन ओव्हर द सी' घ्या. हिप्स्टराची खूण म्हणून या अल्बमची इतकी चेष्टा झाली आहे की नव्या श्रोत्याला तो आवडायच्या आधीच त्याचा कंटाळा यावा. वाजवून पाहिला की वेगळंच हाती लागतं. बँडचा गायक जेफ मँगम साधी अकौस्टिक गिटार इतकी ताणून, फाडून ध्वनिमुद्रित करतो की तारा जळतायत असं वाटावं. मागे ब्रास बँडची वाद्यं, आणि गजाने वाजवलेल्या करवतीचा थरथरता सूर. ॲन फ्रँकची डायरी वाचून हादरलेल्या माणसाची ही गाणी आहेत, आणि तो हादरा लपवायचा प्रयत्न तो अजिबात करत नाही. इथे मुखवटा शोधायला गेलेल्याची फसगत होते. उलट इतकं उघडं गाणं सहन न होऊन लोकांनी चेष्टेचा आडोसा घेतला असेल, अशी शंका येते. हा माणूस १९९८ च्याच अखेरीला रंगमंचावरून उतरला आणि जवळपास दीड दशक बँड परत उभा राहिला नाही. प्रसिद्धीसाठी केलेला बनाव असा वागत नाही.

सुफ्यान स्टीव्हन्सबद्दल तक्रार त्याच्या गोडव्याची. बॅंजो, बासरी, मुलांच्या शाळेत शोभेल असा समूहस्वर, पन्नास राज्यांवर पन्नास अल्बम करण्याची घोषणा. दोनच झाले, आणि घोषणा ही जाहिरातीची युक्ती होती हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं. पण २००५ च्या 'इलिनॉय'मध्ये शिकागोजवळच्या एका कुख्यात खुन्यावरचं गाणं आहे, जवळजवळ कुजबुजत गायलेलं. मारल्या गेलेल्या मुलांची दया, खुन्याच्या बालपणाची आठवण, आणि शेवटी गाणारा आरोपीच्या पिंजऱ्यात स्वतःला उभं करतो. ते ऐकल्यावर मागचापुढचा गोडवाही वेगळा ऐकू येतो.

द नॅशनल हा सिनसिनाटीहून ब्रुकलिनला आलेला बँड. मॅट बर्निंजरचा खर्जातला, थकल्यासारखा आवाज हा त्यांचा चेहरा, पण गाणी उभी राहतात ती ब्रायन डेव्हेंडॉर्फच्या ड्रमवर. 'बॉक्सर' या २००७ च्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात पियानोवरचे दोन हात तीन आणि चार असे वेगळे हिशेब चालवतात. लयकारीची सवय असलेल्या कानाला पाय कुठे टाकायचा याची छान गंमत वाटते. ड्रम आत येतो आणि सगळं एका रस्त्याला लागतं. ग्रिझली बेअरचा 'व्हेकाटिमेस्ट' ऐकताना चार आवाज एकमेकांच्या किती जवळून जातात तरी धक्का लागत नाही, याकडे लक्ष द्यावं. २००९ मध्ये विल्यम्सबर्गच्या नदीकाठी त्यांना ऐकायला जे-झी आणि बियॉन्से येऊन उभे होते, हे पुष्कळदा सांगितलं जातं. त्यानंतर तीन वर्षांनी 'न्यूयॉर्क' मासिकाने छापलं की या गाजलेल्या बँडमधल्या काहींकडे आरोग्यविमासुद्धा नाही. ज्यांना श्रीमंतांची पोरं म्हणून हिणवलं जात होतं, त्यांच्या कमाईचं वास्तव हे असं.

आपल्याकडे ही लाट उशिरा आणि तिरकी आली. २०१० मध्ये पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव सुरू झाला आणि कोरेगाव पार्कात भारतीय स्वतंत्र बँड्सना मैदानभर श्रोते मिळाले. जानेवारी २०२३ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लोलापालूझा महोत्सव झाला तेव्हा मुख्य कलाकारांत स्ट्रोक्स होते, पहिल्या अल्बमनंतर एकवीस वर्षांनी. टीकेचं स्वरूप मात्र इथे वेगळं. विल्यम्सबर्गमध्ये कोण आधी आला यावरून भांडण होतं. इथे इंग्रजीतलं, महागड्या तिकिटाचं गाणं ऐकणारा शायनिंग मारतोय, एवढं म्हणून लोक मोकळे होतात. त्यातही तथ्य आहे. इंग्रजी गाणं समजणं ही आपल्याकडे कुणाच्याही वाट्याला सहज येणारी गोष्ट नाही, आणि ते समजतं हे दाखवायची हौस आपल्यालाही कमी नाही. पण 'काय भाव खातोय' या एका वाक्याने गाण्यावरचा अभिप्राय दिल्याचं समाधान मिळतं, तेव्हा गाणं न ऐकताच सुटका झालेली असते.

इथवर आल्यावर माझं म्हणणं थोडक्यात मांडता येईल. आवड ही आपल्या योग्यतेचा पुरावा आहे असं धरून चाललं की ती कधी ना कधी लाजेचं कारण होतेच. ज्या अल्बममुळे काल आपण चार जणांत उठून दिसलो, त्याच अल्बममुळे आज आपण हास्यास्पद ठरतो, कारण दोन्ही वेळा निकाल गाण्याबद्दल नसून आपल्याबद्दल असतो. हिप्स्टर आणि हिप्स्टरांना हसणारा दोघेही हेच धरून चालतात: अमुक ऐकतो म्हणजे तो अमुक प्रकारचा माणूस. यातून बाहेर पडायचं तर 'मला कोण काय म्हणेल याची पर्वा नाही' असं ओरडून भागत नाही. तीही एक ऐटच. बाहेर पडायचं तर मिळणारं श्रेय सोडावं लागतं. न्यूट्रल मिल्क होटेल आवडतं म्हणून मी अधिक संवेदनशील नाही, आधीपासून ऐकतो म्हणून अधिक जाणकार नाही, आता सगळे ऐकतात म्हणून माझं काही गेलं नाही. हे एकदा मनापासून मान्य केलं की हसणाऱ्याला पकडायला काही उरत नाही.

हे श्रेय सोडणं वाटतं तितकं अवघड नाही, कारण काळ ते तसंही काढून घेतो. २०१२ मध्ये टेलर स्विफ्टने एका गाण्यात आपल्यापेक्षा भारी इंडी रेकॉर्ड ऐकत बसणाऱ्या जुन्या प्रियकराला चिमटा काढला होता. २०२० च्या टाळेबंदीत तिने 'फोकलोर' केला तो द नॅशनलच्या ॲरन डेसनरला सोबत घेऊन; एका गाण्यात बोन इव्हेरही आहे. त्याला ग्रॅमी मिळालं आणि शाळकरी मुलींच्या खोल्यांत तोच संथ पियानो वाजू लागला, ज्यावरून कधी काळी माणसांची प्रतवारी होई. जानेवारी २०२४ मध्ये पिचफोर्क 'जीक्यू' या पुरुषांच्या फॅशनच्या मासिकात विलीन करत असल्याचं मालक कंपनीने जाहीर केलं. दशांशांची दहशत संपली. ज्या मुलांकडे बघून लोक हसत होते ती आता चाळिशीत आहेत, गृहकर्जाचे हप्ते भरतायत. गाणी मात्र आहेत त्याच लांबीची आहेत, आणि त्यांच्याबद्दल निवांत बोलायला ही वेळ चांगली आहे.

पुस्तकाची रचना त्याला धरून आहे. प्रत्येक प्रकरण एका अल्बमवर आहे आणि प्रकरणं कालानुक्रमे लावलेली नाहीत; कोण पहिला हा प्रश्न इथे नकोच होता. ज्यांच्यावर टीका झाली त्यांच्यावरची टीका त्या-त्या प्रकरणात सविस्तर आहे, तिला उत्तर मिळालंच पाहिजे असा आग्रह धरलेला नाही. काही लाडके बँड वगळले आहेत, कारण त्यांच्याबद्दल प्रेमाशिवाय सांगण्यासारखं काही सापडलं नाही, आणि प्रेम वाचायला कंटाळवाणं असतं. गाण्यांचे शब्द उद्धृत केलेले नाहीत. अल्बम आज सहज मिळतात, तेव्हा आधी ऐकावं, मग वाचावं.

सुरुवात मुद्दाम सर्वांत अवघड जागेपासून केली आहे. जोआना न्यूसमचा 'ईस' हा २००६ चा अल्बम: पाच गाणी, जवळपास पंचावन्न मिनिटं, हार्प हे मुख्य वाद्य, व्हॅन डाइक पार्क्सची वाद्यवृंदरचना आणि काहींना लहान मुलीचा तर काहींना म्हातारीचा वाटणारा आवाज. हिप्स्टरांच्या चोचल्यांचं उदाहरण द्यायचं झालं की टीकाकार याचं नाव घेत. ख्यालाच्या बैठकीला तासभर बसणाऱ्या श्रोत्याला यातलं सर्वांत लांब, सतरा मिनिटांचं गाणं लांब वाटू नये. आवाजाचा धक्का पहिल्या दोन मिनिटांत बसतो आणि ओसरतो. त्यानंतरही आवडलं नाही तर पुढच्या प्रकरणाकडे वळावं. न आवडण्याचंही कुणाला श्रेय मिळणार नाही.